नाव ठेवणे आणि नावे ठेवणे : अनाम फलनाविषयी एक नैतिक विचार

१

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन वाक्प्रचारांत फरक आहे तो केवळ वचनाचा. पहिल्याचा अर्थ नामकरण करणे, दुसऱ्याचा दोष देणे. बारशाला जे एकवचनात होते तेच पुढे आयुष्यभर अनेकवचनात होत राहते, असा विनोद यावर कोणीही करील. परंतु या दोन अर्थांच्या शेजारामागे भाषेने सांभाळून ठेवलेला एक विचार आहे. ज्याला नाव ठेवलेले नाही त्याला नावे ठेवणेही कठीण. हाक मारता येणे आणि जाब विचारता येणे या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, आणि नाव देणारा या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी शक्य करून ठेवत असतो.

संगणकाच्या आज्ञावलीत एखाद्या फलनाला नाव द्यावे की ते अनाम ठेवावे, हा आज्ञावलीकारांमधील जुना वाद आहे. बहुतेकदा तो आवडीनिवडीचा किंवा सोयीचा म्हणून मांडला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा वाद मुळात उत्तरदायित्वाचा आहे. आणि साहित्यमीमांसेत लेखकनामाविषयी जी चर्चा गेली काही दशके चालू आहे तिच्याशी त्याचे नाते केवळ उपमेचे नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : जे काम करते त्याला नाव असणे केव्हा आवश्यक, केव्हा अनावश्यक, आणि केव्हा अन्यायकारक? हा प्रश्न तपासताना घेतलेली आधुनिक मराठी उदाहरणे रत्नागिरी जिल्ह्याशी निगडित आहेत. एका परिसरातील उदाहरणे एकमेकांना तपासतात हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, जेथे गावाला ‘कर’ हा प्रत्यय लावून माणसाचे आडनाव तयार होते, त्या प्रदेशात नाव ही खाजगी बाब आहे असा भ्रम फार काळ टिकत नाही.

२

फलन म्हणजे काही आदान घेऊन, त्यावर ठरलेली क्रिया करून, त्याचे फल परत देणारा नियम. असा नियम सांगण्याची उत्तम सोय मराठीच्या ‘जो–तो’ या रचनेत आहे. ‘जो दारी येईल, त्याला पाणी द्यावे’ हे वाक्य घ्यावे. यातील ‘जो’ हे कोणाचेही नाव नाही. ते एक रिकामे आसन आहे. जो येईल तो त्यावर बसेल. ‘त्याला’ हे सर्वनाम त्याच आसनाकडे निर्देश करते. तर्कशास्त्रज्ञ ज्याला बद्ध चल म्हणतात ते हेच. येथे लक्षात घ्यायचे ते असे की, या वाक्यात आसन अनाम आहे आणि नियमही अनाम आहे. नियम सांगितला, तेथेच वापरला आणि वाक्याबरोबर संपला.

आता कोणी म्हणाले, ‘या नियमाला आपण आतिथ्य म्हणू’, तर नियमाच्या कृतीत तसूभरही बदल होत नाही. पाणी तेवढेच दिले जाते. बदलते ते नियमाचे सामाजिक अस्तित्व. तो दुसऱ्या घरी नेता येतो, मुलांना शिकवता येतो, त्याच्या जागी दुसरा नियम आणता येतो. आणि मुख्य म्हणजे, ‘या घराने आतिथ्य पाळले नाही’ असे म्हणता येते. नावामुळे नियमाला घराबाहेर जाता येते, आणि त्याच्यावर बाहेरून बोट ठेवताही येते.

अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कलनात सर्वच फलने अशी अनाम आहेत. लॅम्डा हे ग्रीक अक्षर तेथे जवळपास ‘जो’चे काम करते : येथून पुढे हे आसन रिकामे आहे, एवढेच ते सांगते. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये आरंभिलेल्या लिस्प या भाषेने ही कल्पना प्रत्यक्ष संगणकावर आणली. पुढे अनेक दशके ती विशिष्ट वर्तुळांपुरती राहिली; पण सी प्लस प्लसने २०११ मध्ये आणि जावाने २०१४ मध्ये तिचा स्वीकार केला, जावास्क्रिप्टने २०१५ मध्ये तिच्यासाठी बाणासारख्या चिन्हाची आटोपशीर लेखनपद्धती दिली, आणि अनाम फलन हा आज्ञावलीलेखनाचा रोजचा भाग झाला.

अनाम फलनाच्या समर्थकांचे म्हणणे साधे आणि वजनदार आहे. समजा, एका वर्गाच्या गुणांच्या यादीत प्रत्येकाला पाच कृपागुण द्यायचे आहेत. ‘जो गुण असेल त्यात पाच मिळव’ हा नियम यादीच्या शेजारीच लिहिला तर वाचणाऱ्याची नजर कोठेही भटकत नाही. त्याला ‘पाच मिळव’ असे नाव देऊन दहा पाने आधी लिहून ठेवले, तर नावाने नवे काही सांगितले नाही. वाचकाला मात्र उगाच मागे जावे लागले. प्रत्येक नाव ही वाचकाच्या स्मृतीवरील मागणी असते, आणि एकदाच भेटणाऱ्याचे नाव लक्षात ठेवायला लावणे हा एक प्रकारचा असभ्यपणाच.

परंतु समजा, नियम शिष्यवृत्तीच्या पात्रतेचा आहे : उत्पन्न अमुक मर्यादेच्या आत, उपस्थिती अमुक टक्के. हा नियम अर्ज स्वीकारताना, छाननी करताना आणि रक्कम देताना अशा तीन ठिकाणी लागतो. अनाम ठेवला तर तो तीनदा लिहावा लागेल. पुढे उत्पन्नाची मर्यादा बदलेल, दोन ठिकाणी दुरुस्ती होईल आणि तिसऱ्या ठिकाणी राहून जाईल. ज्या विद्यार्थिनीचा अर्ज स्वीकारला गेला तिला रक्कम मात्र मिळणार नाही, आणि ‘कोणत्या नियमाने?’ या तिच्या प्रश्नाला उत्तर देता येणार नाही, कारण त्या नियमाला नावच नाही. पायथन या भाषेत आज्ञावली अडखळली की ती कोणकोणत्या फलनांमधून जात अडखळली याची साखळी छापली जाते. त्या साखळीत सनाम फलन आपल्या नावाने उभे राहते. अनाम फलने कितीही असोत, त्या सर्वांच्या जागी एकच शब्द येतो : लॅम्डा. अनामिकांना संगणकही वेगवेगळे ओळखत नाही. अनाम फलन लिहून मग त्याला नाव चिकटवण्याऐवजी रीतसर सनाम फलन लिहावे, अशी शिफारस त्या भाषेच्या शैलीविषयक मार्गदर्शिकेत आहे आणि तिचे एक कारणही हेच दिलेले आहे.

तात्पर्य, कृपागुणाच्या उदाहरणात नाव हा भार आहे आणि पात्रतेच्या उदाहरणात नाव हे ऋण आहे. दोहोंतील सीमारेषा फलनाच्या लांबीवर ठरत नाही. त्या फलनाकडे पुन्हा कोणाला यावे लागणार आहे काय, आणि त्याच्या परिणामाचा जाब कोणाला विचारावा लागणार आहे काय, यावर ती ठरते.

३

नावाच्या या द्विविध स्वरूपाचा विचार भारतीय व्याकरणपरंपरेने फार पूर्वी केलेला आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘टि’, ‘घु’, ‘भ’ अशा एकाक्षरी संज्ञा आहेत. त्यांना स्वतःचा असा अर्थ नाही. दर वेळी लांबलचक वर्णन करावे लागू नये एवढ्यासाठी त्या केलेल्या आहेत. संज्ञा लाघवासाठी असते, हे महाभाष्यकार पतंजलीचे मत प्रसिद्ध आहे. पण मग त्याच शास्त्रात ‘सर्वनाम’सारख्या चार अक्षरी संज्ञा का? लाघव हाच हेतू असता तर तेथेही एखादे अक्षर पुरले असते. परंपरेचे उत्तर असे की, जेथे संज्ञा मुद्दाम मोठी केली आहे तेथे ती अन्वर्थक समजावी; तिच्या घटकांचा अर्थ विचारात घ्यावा. सर्वनाम म्हणजे जे सर्वांचे नाव होऊ शकते ते. एखाद्याच व्यक्तीचे नाव म्हणून ‘सर्व’ हा शब्द वापरला, तर त्याला सर्वनामाची कार्ये लागू होत नाहीत.

म्हणजे नाव दोन प्रकारे काम करते. एक, ते हाताळण्यासाठी दिलेली मूठ असते. मुठीला अर्थ असावा लागत नाही. दोन, ते वस्तूविषयी केलेले विधान असते; आणि विधान म्हटले की ते खरे किंवा खोटे असू शकते. आज्ञावलीकार फलनाला ‘क’ असे नाव देतो तेव्हा तो मूठ बसवतो. ‘पात्र आहे काय’ असे नाव देतो तेव्हा तो विधान करतो. मूठ असलेली वस्तू फार तर बोजड होते. विधान असलेले नाव मात्र खोटे ठरण्याचा धोका पत्करूनच दिले जाते. फलनाच्या आतील नियम बदलला आणि नाव तेच राहिले, तर ते नाव प्रत्येक वाचकाला फसवू लागते. अनाम फलनाला निदान खोटे बोलता येत नाही. त्याच्या बाजूने करता येण्यासारखा हा सर्वांत बळकट नैतिक युक्तिवाद आहे, आणि त्याचा विचार पुढे पुन्हा करावा लागेल.

४

साहित्यमीमांसेत हा प्रश्न लेखकनामाच्या रूपाने आला. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. १९६९ मध्ये मिशेल फुको यांनी ‘लेखक म्हणजे काय?’ या व्याख्यानात अधिक सावध पवित्रा घेतला. त्यांच्या मते लेखकनाम हे व्यक्तीचे नाव म्हणून काम करीत नाही. विशिष्ट संहितांना एकत्र बांधणारे, त्यांना एक दर्जा देणारे ते फलन आहे. फुकोंनी हाच शब्द वापरावा हा योगायोग येथे उपयोगाचा आहे. त्याहून महत्त्वाचे त्यांचे ऐतिहासिक निरीक्षण : लिहिणाऱ्याला शिक्षा होऊ शकते अशी स्थिती आल्यावर संहितांना खऱ्या अर्थाने लेखक मिळू लागले. ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांतील जे नाते मराठी वाक्प्रचारांत आहे, तेच येथे सिद्धान्त म्हणून येते.

या निरीक्षणाची कसोटी मराठी नियतकालिकांच्या इतिहासात सापडते. ‘केसरी’तील अग्रलेख व स्फुटे लेखकाच्या सहीविना छापण्याचा प्रघात होता. सरकारला याची कल्पना होतीच. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे बंधनकारक केली होती. लेख अनाम असला तरी ज्या पानावर तो छापला ते पान अनाम असणार नाही, अशी ही व्यवस्था. १५ जून १८९७ च्या अंकात शिवाजीच्या उद्गारांचे एक काव्य आले, तेही टोपणनावाने, भवानी तलवारीच्या निशाणीखाली. त्या अंकातील मजकुराबद्दल राजद्रोहाचा खटला झाला आणि शिक्षा झाली ती लोकमान्य टिळकांना, अठरा महिन्यांची. १९०८ मध्ये पुन्हा असाच खटला झाला. विषय होता ‘केसरी’तील सहीविना आलेले लेख, आणि शिक्षा सहा वर्षांच्या हद्दपारीची. ती टिळकांनी मंडालेला भोगली.

येथे अनामतेचा एक वेगळा नैतिक अर्थ दिसतो. लेख अनाम ठेवणे हे उत्तरदायित्व टाळणे नव्हते, कारण प्रत्येक अनाम लेखाच्या वर एक सनाम माणूस उभा होता आणि तो जाब देण्यास तयार होता. आज्ञावलीतही हेच घडते. अनाम फलन सहसा एखाद्या सनाम फलनाच्या पोटात असते. ते चुकले तर त्याचे यजमान फलन साखळीत नावाने दिसते. अनामता निरपराध आहे ती अशा ठिकाणी, जेथे वर कोणीतरी ‘हे माझे’ म्हणायला आहे. असे कोणी नसते तेव्हा तीच अनामता निनावी पत्रासारखी होते. मराठीने या दोहोंसाठी दोन शब्द वेगळे ठेवले आहेत हे चांगले झाले. ‘अनाम’ला नावाची गरज पडलेली नसते, ‘निनावी’ने नाव लपवलेले असते.

५

मराठी कवितेच्या आरंभापासून या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदत आहेत. संतांच्या अभंगाच्या अखेरीस कवीची नाममुद्रा येते : ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’. मुद्रा असल्यामुळे अभंग कीर्तनकाराच्या मुखी गेला, दुसऱ्या गावी गेला, तीन शतके प्रवास करून आला, तरी त्याला हाक मारता येते. तुकोबांचे बंधू कान्होबा स्वतःच्या नावाऐवजी ‘तुकयाबंधु’ अशी मुद्रा लावतात. म्हणजे ज्याच्याशी नाते आहे त्याच्या नावाच्या आधाराने आपली ओळख बांधतात.

परंतु नाव असले म्हणजे प्रश्न मिटला असे होत नाही. आज्ञावलीत दोन फलनांना एकच नाव दिले तर काही भाषांत नंतरचे आधीच्यावर बसते आणि पहिले दिसेनासे होते. नामदेवांच्या गाथेचे हेच झाले. संत नामदेवांनंतर सुमारे दोन-तीन शतकांनी झालेल्या विष्णुदास नाम्याच्या रचना त्याच गाथेत मिसळल्या गेल्या, आणि कोणता अभंग कोणत्या नाम्याचा हे ठरवण्यात संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. येथे नाव होते, तरी हाक दोघांना ऐकू जात होती. प्रसिद्ध नावाने अप्रसिद्धाला पोटात घेतले, ही नामकरणाची दुसरी बाजू. नावाच्या अभावी जसा अन्याय होतो, तसा दुसऱ्याच्या नावाखाली गेल्यानेही होतो.

जात्यावरची ओवी याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिला मुद्रा नाही. भावाचे नाव, माहेराचे नाव, देवाचे नाव ओवीत येते. गाणारीचे क्वचितच येते. शिवाय भावाच्या नावाची जागा खुली असते. एकीच्या ओवीत एक नाव, दुसरीच्या ओवीत दुसरे. म्हणजे ओवी ही खऱ्या अर्थाने अनाम फलनासारखी आहे : नियम पक्का, आसन रिकामे, आणि जी दळायला बसेल ती आपला भाऊ त्या आसनावर बसवणार. जात्यापाशी तिला नावाची गरज नव्हती, कारण तिचा सगळा संदर्भ समोर होता. ऐकणारीला गाणारी ठाऊक होती. ओवी जेथे जन्मली तेथेच वापरली जात होती, आणि पीठ होईपर्यंत तिचे काम पुरे होत होते.

प्रश्न निर्माण होतो तो ओवी जात्यावरून उठून कागदावर आल्यावर. दापोली तालुक्यातील पालगड येथे १८९९ मध्ये जन्मलेल्या साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या ग्रंथात ओव्यांचा मोठा संग्रह केला. हे काम त्यांनी ज्या आदराने केले त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. नाहीतर त्यातील कितीतरी ओव्या पिठाबरोबर संपल्या असत्या. तरीही त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर एकच नाव आहे, आणि ज्यांच्या कंठातून ओव्या आल्या त्या ‘स्त्री’ या एका सामान्यनामात सामावल्या आहेत. पायथनच्या साखळीत जशी सर्व अनाम फलने ‘लॅम्डा’ होतात, तशा येथे सर्व गाणाऱ्या ‘स्त्री’ होतात. पुढे १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन चालवले, त्यात लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदवण्याची शिस्त पाळली गेली. दोन संग्रहांतील हा फरक संग्राहकांच्या सद्भावनेचा नाही. पहिल्या संग्रहाने ओवीला वाचवले. दुसऱ्याने ओवी ज्या जागेवरून हलवली त्या जागेची नोंदही वाचवली.

यावरून एक तत्त्व हाती लागते. अनामता हा वस्तूचा गुण नसून वस्तू आणि तिची जागा यांच्यातील संबंध आहे. जे आपल्या जागी अनाम राहू शकते, ते जागेवरून हलवताना हलवणाऱ्यावर नाव नोंदवण्याचे कर्तव्य येते. आज्ञावलीकार जेव्हा एका ठिकाणचे अनाम फलन उचलून दुसरीकडे वापरू लागतो, तेव्हा तो याच कर्तव्याच्या कक्षेत प्रवेश करतो.

६

आता तो राहिलेला युक्तिवाद : अनामाला निदान खोटे बोलता येत नाही. हे खरे मानले तर नाव देणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते, कारण नाव कोण देतो आणि कशाच्या आधारे देतो हे प्रश्न उभे राहतात.

जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून एक लक्षणीय नियम आहे. अनाम फलन एखाद्या नाव असलेल्या चलात ठेवले, तर त्या चलाचे नावच फलनाचे नाव म्हणून नोंदले जाते. फलनाने स्वतःहून काही नाव आणले नव्हते. ज्या घरात ते ठेवले गेले त्या घराने त्याला नाव दिले. महाराष्ट्रातील अनेक जातींतील विवाहविधीला हा नियम अपरिचित नाही. तांदळाच्या ताटात वधूचे नवे नाव लिहिले जाते आणि माहेरचे नाव मागे राहते. देवरूखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई बालविधवा झाल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या, आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. रूढी मोडणाऱ्या त्या विवाहातही नाव बदलण्याची रूढी मात्र पाळली गेली. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि लोकांनी त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखले.

येथे आवर्तनाचा प्रश्न उपयोगी पडतो. फलनाने स्वतःच स्वतःला हाक मारायची असेल तर त्याला नाव लागते. अनाम फलनालाही हे साधते, हे तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांनी दाखवून दिलेल्या युक्तीने सिद्ध आहे. पण त्यासाठी फलन स्वतःच स्वतःला आदान म्हणून दिले जावे लागते. आत्मचरित्र हे अशाच स्वतःला मारलेल्या हाकेचे साहित्यरूप आहे. बाया कर्वे यांनी ते लिहिले आणि त्याला ‘माझे पुराण’ असे नाव दिले. या शीर्षकातील ‘माझे’ हे सर्वनाम फार समर्थ आहे. गोदूबाई, आनंदीबाई आणि बाया ही तिन्ही नावे दुसऱ्यांनी हाक मारण्यासाठी ठेवलेली होती. ‘माझे’ म्हणताना यांपैकी एकाचीही गरज लागत नाही. नावांनी तीन वेळा जे सांगितले नाही ते एका सर्वनामाने सांगितले. ज्याला नाव मिळते त्याच्यापाशी स्वतःकडे निर्देश करण्याची एक जागा नावाबाहेरही असावी लागते.

खोटे नसूनही नाव भार कसे होते, याचे उदाहरण खुद्द रत्नागिरी शहरात आहे. भागोजीशेठ कीर यांच्या आर्थिक साहाय्याने आणि विनायक दामोदर सावरकरांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये तेथे पतितपावन मंदिर सर्व जातींना खुले झाले. त्या मंदिराच्या दाराशी जो नियम होता तो शुद्ध ‘जो–तो’ रचनेचा : जो हिंदू येईल, त्याला गाभाऱ्यापर्यंत प्रवेश. ‘जो’च्या जागी कोण आहे, त्याची जात कोणती, हे विचारायचे नाही. आदानाची अनामता ही येथे नैतिक सिद्धी होती; शतकानुशतके जेथे आधी नाव आणि आडनाव विचारले जाई, तेथे काही न विचारण्याचे ठरले. परंतु त्या नियमाला दिलेले नाव ‘पतितपावन’. भक्तिपरंपरेत देवापुढे सारेच पतित असतात, या अर्थाने ते नाव निर्दोष आहे असे त्याचे समर्थक म्हणतील, आणि त्या परंपरेच्या आत राहून ते बरोबरही आहे. पण नाव परंपरेच्या आतच ऐकले जात नाही. ते रस्त्यावरही ऐकले जाते. तेथे ज्याला आजवर अडवले गेले होते, त्यालाच ‘पतित कोण?’ या प्रश्नाचे उत्तर दिल्यासारखे वाटू शकते. नियमाने जे विचारले नाही ते नावाने सुचवले. फलन निर्दोष असून त्याचे नाव आतील समतेशी विसंगत ठरू शकते, ते असे.

मग अनाम ठेवणे अधिक चांगले होते काय? तसे म्हणता येत नाही. नाव नसते तर त्या नियमाचे अनुकरण झाले नसते, इतर देवळांना ‘तेथे होते, मग येथे का नाही’ असे विचारता आले नसते, आणि नियमातील ‘हिंदू’ या मर्यादेवरही टीका करता आली नसती. टीकेचा मार्गही नावानेच खुला केला. ज्याला नाव ठेवले त्यालाच नावे ठेवता आली. आणि हे नामकरणाचे अपयश मानण्याचे कारण नाही. नाव देण्याचा तो एक उद्देशच आहे.

७

या विवेचनातून फलनाला नाव द्यावे की न द्यावे याचे एकच एक उत्तर निघत नाही. पण उत्तर कोठे शोधावे हे कळते. जे जन्मते तेथेच वापरले जाते, ज्याचा संदर्भ वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो आणि ज्याच्या वर जबाबदारी घेणारा कोणी उभा असतो, त्याची अनामता निरपराध आहे. किंबहुना त्याला नाव चिकटवणे हा वाचकावर लादलेला भार आहे. जे पुन्हा बोलावले जाणार, दुसरीकडे नेले जाणार, किंवा ज्याच्या परिणामाने कोणाचे तरी हित अडणार, त्याला नाव देणे हे ऋण आहे. दिलेले नाव खरे आहे काय, ते दुसऱ्या कोणाला पोटात घेत नाही ना, ज्याला दिले त्याच्या मानेवर ते जोखड होत नाही ना, हे वेळोवेळी तपासणे हा त्या ऋणाचा हप्ता आहे. तो चुकवला की नाव उरते आणि काम निघून जाते. मराठीत त्यासाठीही शब्द आहे : नामशेष.

आज्ञावलीकाराला हा निर्णय दिवसातून कितीतरी वेळा घ्यावा लागतो आणि तो सोयीने घेतला तरी बहुधा कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु नियमांनी चालणारे जग जसजसे आज्ञावल्यांच्या स्वाधीन होत आहे, तसतसे शिष्यवृत्ती, शिधा, कर्ज आणि प्रवेश यांविषयीचे ‘जो–तो’ त्यांच्यात लिहिले जात आहेत. नाकारलेला अर्ज हाती घेऊन खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ‘कोणत्या नियमाने?’ असे विचारण्याचा अधिकार आहे, आणि त्या प्रश्नाला नावाने उत्तर मिळाले पाहिजे.

ओवी गाणारीला असा प्रश्न कधी विचारायचा नव्हता. जात्यापाशी कोणी तिला तिचे नाव विचारले नाही आणि तिने ते सांगितलेही नाही. तिची ओवी ज्यांनी तेथून उचलली त्यांच्यावर मात्र तो प्रश्न कायमचा आला. जेथे नाव मिळत नाही तेथे ते कल्पून घालणे हे दुसरे असत्य होईल. अशा ठिकाणी एवढेच करता येते : नावाची जागा मोकळी ठेवावी आणि ती मोकळी आहे हे लिहून ठेवावे. ‘स्त्री’ असे लिहून ती जागा बुजवून टाकू नये.